गाईचे जीन वाचाल, पण तिचं दूध कोण मोजणार?

आमच्याकडे एक एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन या विदेशी जातीच्या संकराची गाय होती. पहिल्याच वेताला दोन्ही वेळचं मिळून २२ लिटर दूध दिलं तिने, शेजारपाजारचे बघायला यायचे, आणि त्यानंतर ती गाभण राहिलीच नाही. माजावर यायची, डॉक्टरांना फोन जायचा, भरवायची, म्हणजे कृत्रिम रेतन करायचं, आणि २१ दिवस झाले की परत उलटायची, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर यायची. असं ५ वेळा झालं. मिनरल मिक्श्चर झालं, गर्भाशय धुऊन झालं, कुणी सांगितलं म्हणून मोड आलेली मटकीसुद्धा चारून झाली. शेवटी भाकड गाय किती दिवस सांभाळायची म्हणून बाजार दाखवला. आई एका जुन्या डायरीत गोठ्याचा सगळा हिशोब लिहिते, गाय गेल्यावर मी ती डायरी चाळली तर पाचही वेळची तारीख होती, सकाळी भरवली का संध्याकाळी ते होतं, डॉक्टरांना पैसे किती दिले तेही होतं, पण वळू कुठला ते एकदाही नव्हतं. ही गाय स्वतः कुठल्या वळूची लेक होती तेही नव्हतं. विचारलं नव्हतं असं नाही, विचारलं की उत्तर यायचं "चांगला आहे हो, जास्त दुधाचा आहे". आणि त्या वळूच्या बाकीच्या लेकी पण अशाच उलटत होत्या का, हे तर डॉक्टरांनाही माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्या जनावरांच्या जीनोमबद्दल, म्हणजे त्यांच्या सगळ्या जनुकांबद्दल, जे बोललं जातंय ते. ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या वाशिम जिल्ह्यातच पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप या जनुकं तपासायच्या चिप जाहीर झाल्या, त्याआधी २०२१ मध्ये हैदराबादच्या संस्थेची इंडिगाऊ चिप आली होती, त्याच्याही आधी आणंदच्या एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने) स्वतःची चिप काढली होती. म्हणजे आपल्या जनावरांसाठी आपल्याकडे बनवलेली साधनं आता आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे आणि हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की हा विज्ञानाच्या विरोधात आहे. उलट आहे. मला हे तंत्र गोठ्यापर्यंत पोचलेलं बघायचंय आणि म्हणूनच माझं भांडण आहे, की आपण चिपवर जेवढं बोलतोय त्याच्या दहावा हिस्सासुद्धा नोंदींवर बोलत नाहीये, आणि नोंदीशिवाय ही चिप म्हणजे बी-बियाणं आणून वाफसा न बघता पेरण्यासारखं आहे.

आधी हे तंत्र काय आहे ते साध्या भाषेत सांगतो. गाईच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात आणि त्यावर अक्षरांची एक लांबच लांब माळ असते. दोन गाईंची माळ जवळपास सारखीच, पण काही ठिकाणी एकीचं अक्षर वेगळं, दुसरीचं वेगळं. अशी हजारो ठिकाणं चिपवर एकदम तपासता येतात, जगात जी चिप सगळ्यात जास्त वापरली गेली तिच्यावर अशी ५० हजारांच्या आसपास ठिकाणं आहेत. आता हजारो गाईंचे केस किंवा रक्त घ्यायचं, प्रत्येकीची अक्षरं वाचायची, आणि शेजारी दुसऱ्या रकान्यात लिहायचं की या गाईने किती दूध दिलं, फॅट किती लागली, किती वेळा भरवल्यावर फळली, कास किती वेळा सुजली. मग कॉम्प्युटर बघतो की कुठलं अक्षर असलं की कुठला गुण जास्त दिसतो. याला जीनोम-वाइड असोसिएशन स्टडी म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत अक्षर आणि गुण यांचं नातं शोधणं. यात गाईच्या जनुकात आपण काहीही घालत नाही, काढत नाही, बीटी कापसासारखं हे नाहीये, हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्या गावात दोघातिघांनी मला हेच विचारलं. आपले आजोबा वळू निवडताना त्याच्या आईची कास बघायचे, तेच काम आहे, फक्त कातडीच्या आत बघून.

पण बघा, यात दोन रकाने आहेत. एक लॅबमधून येतो, दुसरा गोठ्यातून. लॅबचा रकाना दरवर्षी स्वस्त होत चाललाय. गोठ्यातला रकाना रोज पहाटे साडेपाचला बादली घेऊन बसल्याशिवाय भरत नाही, आणि तो रिकामा असेल तर पहिल्या रकान्यातल्या ५० हजार अक्षरांना काहीही अर्थ नाही.

दोन्ही रकाने नीट भरले तर काय होतं त्याचं उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे आणि मला नेहमी वाटतं की आपण मराठी लोकांनी याचा जेवढा अभिमान बाळगायला हवा तेवढा बाळगत नाही. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था. आपली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते, जुळं क्वचित. धनगराचं उत्पन्न कोकरांच्या विक्रीवर, म्हणजे शंभर मेंढ्या पाळून हातात शंभरसुद्धा येत नाहीत, मरतूक वेगळी. तिकडे बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची एक चिमुकली मेंढी आहे, १०-१५ किलोची, पण ती जुळी-तिळी सहज देते. आणि ऑस्ट्रेलियात बुरूला मेरिनो नावाच्या मेंढ्या होत्या, त्या पण जास्त कोकरं देण्यासाठी प्रसिद्ध. या दोन्हींचं नातं असं निघालं की १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियात मेंढ्या गेल्या होत्या आणि हा गुण त्यांच्यासोबत गेला होता. २००१ मध्ये जगातल्या तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी शोधून काढलं की या गुणामागे एकाच जनुकातलं एकच अक्षर आहे. त्याला फेकबी म्हणतात. हेच अक्षर गारोळमध्येही सापडलं.

फलटणला गारोळ आणून तिचा दख्खनीशी संकर आधीपासूनच चालू होता. अडचण अशी की गारोळ रक्त जास्त झालं की मेंढी बारीक होते, धनगराला बारीक मेंढी नको, बाजारात वजनावर भाव. मग काय करायचं, तर संकरातून आलेली मेंढी परत दख्खनीला द्यायची, तिची पोरगी परत दख्खनीला, असं करत गारोळचं बाकी सगळं मागे सोडायचं आणि ते एक अक्षर तेवढं पुढे न्यायचं. पण डोळ्यांनी बघून कोकराकडे ते अक्षर आहे का कसं कळणार? मादीला कळायला ती विण्याची वाट बघायची, आणि नराला तर कोकरूच होत नाही, त्याच्या लेकी वाढून विण्याची वाट बघायची, त्यात वर्षं जातात. इथे रक्ताच्या थेंबावरची टेस्ट कामाला आली, पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) त्यात काम केलं, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांची साथ होती. कोकरू लहान असतानाच कळतं की हा नर ठेवायचा का विकायचा. या कामातून नारी सुवर्णा ('नारी' हे संस्थेचंच इंग्रजी लघुनाव) नावाची मेंढी उभी राहिली, फेकबीची एक प्रत असलेली मेंढी एका वेतात सरासरी सुमारे दीड कोकरू देते, जिथे आधी एक होतं.

आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. या संस्थेच्या डॉ. चंदा निंबकर आणि त्यांचे लोक लॅबच्या निकालावर थांबले नाहीत, या मेंढ्या धनगरांच्या कळपात दिल्या आणि तिथे जाऊन मोजलं. किती जन्मली, किती जगली, दूध तुटेपर्यंत वजन किती झालं, आईला दोघांना पुरेल एवढं दूध येतंय का, दिवसभर चालणाऱ्या कळपात जुळी टिकतात का. कारण तिळी झाली आणि दोन मेली तर धनगराचा फायदा नाही, तोटाच आहे, आईपण खंगते. म्हणजे जनुक सापडणं ही अर्धी गोष्ट होती, उरलेली अर्धी माळरानावर हातात वजनकाटा घेऊन पूर्ण झाली. आज कुणी मला विचारलं की जेनेटिक्सचा शेतकऱ्याला काय उपयोग, तर मी अमेरिकेचं नाव घेत नाही, फलटणचं घेतो.

आता कुणी म्हणेल मग तसंच दुधाचं एक जनुक शोधा आणि मोकळे व्हा. इथेच लोकांची फसगत होते. फेकबीसारखा एकाच अक्षराचा मोठा परिणाम हा अपवाद आहे. दुधाच्या मागे शेकडो-हजारो ठिकाणं आहेत आणि प्रत्येकाचा वाटा चमचाभर. म्हणून २००१ मध्येच मोवेसन, हेज आणि गोडार्ड या तिघांनी एक वेगळा रस्ता मांडला, की एकेक जनुक शोधत बसू नका, सगळ्या ठिकाणांना थोडं थोडं वजन द्या आणि बेरीज करून जनावराची किंमत ठरवा. त्याला जीनोमिक सिलेक्शन म्हणतात. अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीन आणि जर्सीसाठी ते अधिकृतपणे वापरात आलं आणि चित्र बदलून गेलं. आधी एखादा वळू चांगला आहे हे सिद्ध व्हायला त्याच्या लेकी जन्मून, मोठ्या होऊन, विऊन दूध देईपर्यंत ५ वर्षं थांबावं लागायचं, आता वासराच्या केसावरून अंदाज येतो. वळू आणि त्याचा बाप यांच्या वयातलं अंतर सुमारे ७ वर्षांचं होतं ते अडीच वर्षांच्या आत आलं.

पण ते तिथे का जमलं, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. तिथे चिप यायच्या आधी शंभर वर्षांच्या नोंदी होत्या. डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांनी एकत्र येऊन गाईगाईचं दूध मोजायला १८९५ मध्ये सुरुवात केली. लक्षात घ्या, १८९५. म्हणजे दुसरा रकाना आजोबा-पणजोबांनी भरून ठेवला होता, नातवांनी फक्त पहिला रकाना आणून शेजारी लावला. आपल्याकडे पहिला रकाना आधी आलाय.

मग काहीजण म्हणतात की त्यांनी शोधलेलं आहेच ना, तेच वापरू. नाही चालत. याचं एक उदाहरण तर मला फार पटतं. २००२ मध्ये डीजीएटी१ नावाच्या जनुकातला एक बदल सापडला, तो दुधातली फॅट ठरवतो, एका रूपाने फॅट वाढते आणि दूध थोडं कमी होतं, दुसऱ्या रूपाने उलट. होल्स्टीनमध्ये दोन्ही रूपं सापडतात म्हणून तिथे निवड करायला वाव आहे. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी देशी गाई आणि म्हशी तपासल्या तर देशी गाईंमध्ये जवळजवळ सगळीकडे आणि म्हशींमध्ये सगळीच्या सगळी फॅटवालीच रूपं निघाली. म्हणजे आपल्या म्हशीत ही खूण (मार्कर) तपासून निवड करायची म्हटलं तर निवडायला काही नाहीच, सगळ्यांचं उत्तर एकच. तिकडची सगळ्यात गाजलेली खूण इकडे मुकी. आणि बाकी खुणांचंही असंच असतं, कारण चिपवरचं अक्षर बऱ्याचदा स्वतः काही करत नाही, खऱ्या जनुकाच्या शेजारी बसलेलं असतं म्हणून ते दिसलं की हे असेल असा अंदाज धरायचा, आणि शेजार जातीजातीत बदलतो. देवणीच्या खुणा देवणीतच शोधाव्या लागतील, लाल कंधारीच्या लाल कंधारीत, पंढरपुरी म्हशीच्या पंढरपुरीत. उसना अंदाज आणता येत नाही.

पंढरपुरी म्हशीवरून आठवलं. कोल्हापुरात दूध कट्ट्यावर जाऊन ज्याने समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायलंय त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. गवळी म्हैस घेऊन भर शहरात येतो, गाड्या चालू, हॉर्न चालू, माणसं उभी, आणि म्हैस तिथेच पान्हा सोडते. एका गिऱ्हाईकाला पेलाभर पिळून झालं की थांबायचं, दुसरा आला की परत पिळायचं, ती परत देते. रेडकू जवळ नाही, अंबोण नाही, ओळखीचा गोठा नाही. मुऱ्हा म्हैस लिटरमध्ये पंढरपुरीला हरवेल, पण तिला उभं करून बघा अशा चौकात. हा गुण पिढ्यानपिढ्या गवळ्यांनी निवडत आणलाय, बिचकणारी म्हैस विकून टाकत. मला सांगा, कुठल्या फॉर्मवर या गुणाला रकाना आहे? डांगी गाईच्या कातडीला तेलकट चमक असते म्हणून ती सह्याद्रीच्या पावसात दिवस दिवस भिजत चरते, तिच्या शेजारी क्रॉस गाय आजारी पडते, याला कुठे रकाना आहे? जे मोजाल तेच चिप शोधून देईल, आणि तुम्ही फक्त लिटर मोजलेत तर ती फक्त लिटरच शोधून देईल. त्यामुळे काय मोजायचं हा प्रश्न शास्त्रज्ञांनी एकट्याने ठरवायचा नाहीये, गवळ्याला, धनगराला, गोठा झाडणाऱ्या बाईला विचारून ठरवायचा आहे, आणि हे मी भावनेने म्हणत नाही, नाव नसलेला गुण एकदा हरवला की तो हरवला हेसुद्धा कळत नाही.

फक्त लिटर मोजल्याने काय होतं तेही जगाने बघून झालंय. होल्स्टीनमध्ये कित्येक वर्षं दुधासाठी निवड केली आणि गाभण राहण्याचं प्रमाण घसरत गेलं, कारण या दोन गुणांचं एकमेकांशी वाकडं आहे. माझ्या त्या २२ लिटरवाल्या गाईचं जे झालं त्यात खाद्य, ऊन, भरवायची वेळ अशी दहा कारणं असतील, पण एक कारण रक्तातही असू शकतं. अमेरिकेने २००३ पासून लेकी किती पटकन गाभण राहतात हे वळूच्या मोजमापात धरायला सुरुवात केली, पुढे ती घसरण थांबली, आणि जीनोमिक्स आल्यावर सुधारणेला वेग आला. हा गुण अनुवंशाने फार थोडा येतो, दूध साधारण ३० टक्के तर हा १० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे एका गाईकडे बघून काहीच कळत नाही, शेकडो लेकींच्या नोंदी लागतात. परत तेच, नोंदी.

आणि दुसरा धोका त्याहून मोठा आहे, तो म्हणजे थोड्याच वळूंच्या मागे सगळ्यांनी धावणं. चीफ नावाचा एक होल्स्टीन वळू १९६२ मध्ये अमेरिकेत जन्मला. दुधाच्या बाबतीत अफाट. १६ हजार लेकी, ५ लाखांवर नाती, २० लाखांवर पणती. तिकडच्या होल्स्टीनच्या एकूण रक्तात एकट्याचा वाटा सुमारे १४ टक्के. त्याच्या माळेत एक वाईट अक्षर होतं. एकाच बाजूने आलं तर काही होत नाही, आई आणि बाप दोघांकडून आलं तर वासरू पोटातच जातं. ५० वर्षं कुणाला कळलं नाही, गाय उलटली, गाभडली, नशीब म्हणून सोडून दिलं. हे सापडलं कसं तर २०११ च्या सुमारास हजारो जनावरांच्या चिपचा डेटा बघताना लक्षात आलं की एक तुकडा भरपूर गाईंमध्ये एकेरी दिसतोय पण दुहेरी असलेलं एकसुद्धा जिवंत जनावर सापडत नाहीये. हिशोबाने अशी थोडी जनावरं तरी सापडायला हवी होती. जी नव्हती ती जन्मालाच आली नव्हती. नंतर अंदाज काढला तर जगभरात ५ लाखांवर गर्भ या एका अक्षराने गेले, नुकसान ४२ कोटी डॉलरच्या घरात. त्याच वळूमुळे वाढलेल्या दुधाची किंमत ३,००० कोटी डॉलर धरतात, म्हणजे सौदा तोट्याचा नव्हता, हे पण प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तो तोटा ज्यांच्या दारात झाला ते आणि फायदा ज्यांना झाला ते एकच होते असं नाही. दोन गाईंवर ज्याचं घर चालतं त्याची एक गाय दोनदा गाभडली तर त्याला जगाच्या सरासरीशी काय घेणं.

आपल्याकडे आता चिपसोबत लिंग ठरवलेल्या रेतमात्राही येतायत, बहुतेक वेळा कालवडच होणार म्हणून मागणी प्रचंड, आणि त्या थोड्याच निवडक वळूंच्या असणार हे उघड आहे. म्हणजे चीफसारखी गोष्ट आपल्याकडे व्हायची सोय आपणच करतोय. एका वळूच्या किती रेतमात्रा एका तालुक्यात द्यायच्या याला मर्यादा हवी, आणि भरवताना गाईच्या बापाचा नंबर बघून तोच वळू परत येत नाही ना हे बघायला हवं. गाईच्या कानात १२ आकडी बिल्ला आहे, रेतमात्रेच्या कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, मोबाईल डॉक्टरांच्या खिशात आहे. सगळं आहे, फक्त ते दोन आकडे एकमेकांशेजारी दरवेळी, न चुकता, खरे लिहिले जात नाहीत. मी आता काय करतो सांगू, डॉक्टर गेले की नाहीतर त्यांच्यासमोरच ती रिकामी कांडी मागून घेतो, धुतो आणि आईच्या डायरीत चिकटपट्टीने लावतो. नाहीतर ती शेणाच्या खड्ड्यात जाते आणि तिच्याबरोबर वासराच्या बापाचं नावही जातं.

नोंदी घेणं आपल्याकडे खरंच अवघड आहे, हे मी नाकारत नाही. तिकडे एका मालकाच्या पाचशे गाई एका छपराखाली, एकच खाद्य, एकच पाणी, त्यामुळे एकीने जास्त दूध दिलं तर ते रक्ताचं असं धरता येतं. आपल्याकडे कुणाकडे २, कुणाकडे ३. एकाकडे बागायत आहे, हत्तीघास आहे, दुसरा उसाच्या वाढ्यावर आणि कडब्यावर गाय जगवतोय. बागायतदाराची गाय १५ लिटर आणि कोरडवाहूवाल्याची १० लिटर, तर श्रेष्ठ कुठली? कदाचित दहावालीच. पण हे सोडवता येतं, एका गावातल्या, एकाच हंगामात व्यालेल्या भरपूर गाईंची एकमेकींशी तुलना करून. उरुळी कांचनच्या बायफ या संस्थेने ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाबरोबर लहान शेतकऱ्यांच्या क्रॉस गाईंवर हे करून २०२१ मध्ये छापलंय, दोन-तीन गाईंच्या गोठ्यातल्या नोंदींवरूनसुद्धा जीनोमिक अंदाज बांधता येतो हे दिसलं. म्हणजे 'आपल्याकडे शक्यच नाही' हे म्हणायला आता जागा नाही.

आणि माझा खरा मुद्दा इथे आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर रोज दोन वेळा प्रत्येकाच्या दुधाची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) निघते. मशीन आहे, वजनकाटा आहे, चिठ्ठी छापून मिळते, कॉम्प्युटरमध्ये वर्षानुवर्षं साठतं. पण ते मोजमाप किटलीचं आहे, गाईचं नाही. तिन्ही गाईंचं दूध एका किटलीत जातं आणि कुणी किती दिलं, कुणाची फॅट किती, सगळं एकमेकात मिसळून जातं. जगात वळूंचं मूल्यमापन चालतं ते रोज मोजून नाही, महिन्यातून एक दिवस मोजून चालतं, ३०५ दिवसांच्या वेताला अशा दहा-अकरा नोंदी पुरतात. मग महिन्यातून एक दिवस ठरवा ना. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गाईचं दूध वेगळं मोजायचं, वेगळ्या बाटलीत थोडं घ्यायचं, त्याच मशीनवर लावायचं, बिल्ल्याच्या नंबरासमोर लिहायचं. शेतकऱ्याला त्या दिवशी लिटरमागे दोन रुपये जास्त द्या, कारण तो देशासाठी डेटा देतोय आणि फुकट का द्यावा त्याने. गावातल्या एखाद्या बारावी झालेल्या पोराला नाहीतर पोरीला नोंदीचं काम द्या, गाईमागे पैसे द्या. चिपच्या कार्यक्रमांवर जो खर्च होतो त्याच्यापुढे हा किरकोळ असेल.

एक अट मात्र पाहिजे, आणि ती मोडली तर सगळं बुडेल. नोंद घेतली तर उत्तर परत यायला हवं. आजपर्यंत आमच्याकडे बिल्ला मारायला आले, सर्व्हेला आले, रक्त काढायला आले, परत काही कुणी सांगितलं नाही. एकदा कानाला भोक पाडून बिल्ला लावला, आठ दिवसात तो गव्हाणीला अडकून कानासकट फाटला, गाय रक्तबंबाळ, फोन केला तर 'नोंद झाली ना, झालं तर' असं उत्तर. असं झाल्यावर माणूस पुढच्या वेळी खोटा आकडा सांगतो, आणि खोटा आकडा हा रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण कॉम्प्युटर त्याच्यावर विश्वास ठेवतो. त्यापेक्षा मेसेजवर एवढं जरी आलं की तुमच्या या गाईचा बाप अमुक, त्याच्या जिल्ह्यात इतक्या लेकी नोंदलेल्या, त्यातल्या इतक्या पहिल्या दोन प्रयत्नात फळल्या, तरी आई दर महिन्याला स्वतःहून बाटल्या धुऊन ठेवेल.

देशी गाई वाचवा म्हणणाऱ्यांनाही एक विनंती आहे. ए१-ए२ च्या, म्हणजे दुधातलं कुठल्या प्रकारचं प्रथिन चांगलं या वादात आपण जितकी शक्ती घालवतो तितकी जर खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ यांच्या नोंदी ठेवण्यात घातली असती तर आज त्यांचे सिद्ध वळू आपल्याकडे असते. गाईची पूजा करणाऱ्या माणसालाही ती किती वेळा भरवली आणि कधी व्याली हे लिहायला काहीच हरकत नाही. उलट जिच्यावर प्रेम आहे तिची वंशावळ तरी माहीत असायला हवी. गुजरातची गीर आणून महाराष्ट्रात वाढवणं सोपं पडतं कारण तिच्यावर आधीच काम झालंय, डांगीवर ते कुणी करायचं मग?

आमच्या गल्लीत ६ घरांनी मिळून जूनपासून हा महिन्याचा एक दिवस सुरू केलाय. १४ गाई आणि ३ म्हशी. केंद्रावरच्या पोराने पहिल्या महिन्यात कटकट केली, आता तोच आठवण करून देतो. एका घरी सगळ्यांना वाटायचं की मोठी गाय घर चालवते, मोजल्यावर निघालं की बारकी तिच्यापेक्षा दीड लिटर कमी देते पण फॅट इतकी जास्त की पैसे तिचेच जास्त होतात, आणि ती दरवर्षी न चुकता वितेही. तिच्या आईला कुठला वळू दिला होता ते मात्र त्या घरात कुणालाच आठवत नाहीये.